पाणी राज्यांचे, पूर शहरांचा, पैसा कोणाचा?

राजधानीतील पावसाने संसदेचे दार ठोठावण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत. २०२४ मध्ये मात्र सव्वा महिन्यात असे तीन प्रसंग आले. २८ जूनला सफदरजंग वेधशाळेने चोवीस तासांत २२८.१ मिलिमीटर पावसाची नोंद केली आणि नव्याने निवडून आलेल्या अठराव्या लोकसभेच्या पहिल्याच अधिवेशनात काही खासदारांच्या ल्यूटन्स दिल्लीतील बंगल्यांत पाणी शिरले. २७ जुलैच्या संध्याकाळी जुन्या राजेंद्र नगरातील एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील वाचनालयात रस्त्यावरचे पाणी घुसून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या तिघांचा बुडून मृत्यू झाला. महाराष्ट्रातील परीक्षार्थी ज्या वस्त्यांत वर्षानुवर्षे खोल्या घेऊन राहतात, त्यांपैकी ही एक. त्यामुळे मराठवाड्यापासून कोल्हापूरपर्यंत अनेक घरांना ती बातमी परक्या शहराची वाटली नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, ३१ जुलैच्या पावसात, नव्या संसद भवनाच्या दालनातच पाणी ठिबकले. खाली ठेवलेल्या बादलीची चित्रफीत देशभर फिरली, विरोधकांनी स्थगन प्रस्तावाची सूचना दिली आणि लोकसभा सचिवालयाला घुमटाच्या काचा बसविण्यासाठी वापरलेला चिकट पदार्थ किंचित सरकल्याचा खुलासा करावा लागला.

राजेंद्र नगरच्या दुर्घटनेवर राज्यसभेत २९ जुलैला अल्पकालीन चर्चा झाली. तीत शिकवणी वर्गांचे नियमन आले, तळघरांचे बेकायदा वापर आले, आम आदमी पक्ष व भाजप यांनी एकमेकांवर केलेली चिखलफेकही आली. रस्त्यावर एवढे पाणी साचलेच का आणि ते वाहून नेण्यासाठी, किंवा त्याहून शहाणपणाचे म्हणजे अडवून मुरविण्यासाठी, सार्वजनिक पैसा कोणत्या दाराने येतो, हा प्रश्न मात्र कडेला राहिला. पुढे उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला आणि विषय फौजदारी झाला. अर्थकारणाचा प्रश्न होता तेथेच आहे.

या प्रश्नाचे मूळ घटनेच्या परिशिष्टांत सापडते. शहरी पुराविषयीच्या तारांकित वा अतारांकित प्रश्नाला मिळणारे लेखी उत्तर बहुधा एकाच वाक्याने सुरू होते: पाणी हा राज्यांचा विषय आहे. ते खरेच आहे. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीच्या सतराव्या नोंदीत पाणीपुरवठा, सिंचन व कालवे यांच्याबरोबर जलनिःसारण आणि बांधबंधारे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. परंतु १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवावयाच्या अठरा कामांची जी यादी बाराव्या परिशिष्टात घातली, ती काळजीपूर्वक वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. तीत पाणीपुरवठा आहे, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आहे, रस्ते व पूल आहेत, उद्याने आहेत; कोंडवाडे आणि कत्तलखानेही आहेत. पर्जन्यजलाच्या निचऱ्याचे नाव मात्र कोठेही नाही. प्रत्यक्षात हे काम महापालिकाच करतात, कारण दुसरे कोणी करीत नाही. पण ज्या कामाचे नाव यादीत नाही त्याच्यासाठी हक्काचा महसूलही नाही.

मुंबईच्या मालमत्ता कराचे देयक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यात सर्वसाधारण कर असतो. जल कर आणि जललाभ कर असतो. मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर असतो. पथकर, शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर आणि वृक्ष उपकरदेखील असतो. छपरावरून आणि फरसबंद अंगणातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा कर नसतो. पर्जन्यजलवाहिन्यांचा खर्च त्यामुळे सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे उरलेल्या पैशांतून होतो, किंवा मग दिल्लीकडे हात पसरावा लागतो.

मुंबईने हात पसरला तेव्हा काय झाले, हा पुढच्या सर्व योजनांसाठी धडा ठरावा असा इतिहास आहे. शहराच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. ती क्षमता दुप्पट करण्याची शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये आला आणि बारा वर्षे पडून राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि २००७ मध्ये केंद्राने १,२०० कोटी रुपयांचे विशेष साह्य मंजूर केले. आठ उदंचन केंद्रे उभारावयाची होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. कुर्ला, शीव, चुनाभट्टी आणि गांधी मार्केटचा परिसर ज्याच्यावर विसंबून होता, ते माहुलचे केंद्र मात्र जागेअभावी वर्षानुवर्षे अडले. ती जागा मिठागर आयुक्तांची, म्हणजे केंद्र सरकारचीच. एका मंत्रालयाने पैसा दिला आणि दुसऱ्याने जमीन दिली नाही, असा हा प्रकार. अंधेरीकडचे मोगरा केंद्र जमिनीच्या मालकीच्या वादात रखडले. राज्यात आणि केंद्रात एकाच आघाडीची सरकारे असतानाही आणि नंतर दुसऱ्या पक्षाची असतानाही हे घडले, याची नोंद पक्षीय वादात रस असणाऱ्यांनी घेतलेली बरी.

त्यानंतरच्या दोन दशकांत केंद्राच्या योजनांची नावे बदलली, पण पर्जन्यजलाचा वाटा वाढला नाही. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात निचऱ्याची कामे घेता येत. चाळीस लाखांवरील शहरांना केंद्राचा वाटा ३५ टक्के असे. २०१५ मध्ये आलेल्या ‘अमृत’ योजनेतही निचरा हा मान्य घटक होता. पण राज्यांनी स्वतःहून काय मागितले, हे पाहिले की चित्र उघडे पडते. ७७,६४० कोटी रुपयांच्या मंजूर वार्षिक आराखड्यांत पाणीपुरवठ्याला ३९,०११ कोटी, मलनिःसारणाला ३२,४५६ कोटी आणि पर्जन्यजल निचऱ्याला २,९६९ कोटी रुपये, म्हणजे जेमतेम चार टक्के. यात केंद्राने हात आखडला असे म्हणता येणार नाही. नळाला पाणी आले की मतदार ओळखतो. पूर आला नाही, याचे श्रेय कोणाला देणार? पावसाळा सरला की नाल्याची आठवण सरते, आणि निवडणुका बहुधा उन्हाळ्यात वा हिवाळ्यात होतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत २.०’ चा एकूण आकार २ लाख ९९ हजार कोटींचा आणि त्यातील केंद्राचा वाटा ७६,७६० कोटींचा. येथे धोरणाची दिशा बदलली. निचऱ्याचा स्वतंत्र घटक गळाला आणि त्याच्या जागी तलाव, विहिरी व अन्य जलसाठ्यांचे पुनरुज्जीवन आले. पाणी समुद्राकडे पळविण्याऐवजी ते शहरातच साठवावे आणि मुरवावे, हा विचार योग्यच आहे. उथळ भूजलधर पुन्हा भरण्याचे प्रायोगिक काम पुणे आणि ठाणे यांसह दहा शहरांत याच योजनेतून हाती घेतले गेले. पण मार्गदर्शक तत्त्वांत एक अट आहे. ज्या पर्जन्यजलवाहिन्यांत सांडपाणी वा औद्योगिक मळी मिसळत नाही, त्यांचेच पाणी तलावात आणता येईल.

ही अट शास्त्राला धरून आहे, यात शंका नाही. अडचण अशी की अशी वाहिनी भारतीय शहरात शोधून काढावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेले पन्नास हजारांहून अधिक दशलक्ष लिटर रोज कोठे जाते? ते नाल्यात जाते. नाला मुळात पावसासाठी होता, पण त्याला वर्षाचे बारा महिने काम लागले. नजफगढचा ५७ किलोमीटरचा नाला ही मूळची साहिबी नदी आहे, हे दिल्लीत जन्मलेल्या कित्येकांना ठाऊक नसते. असे बावीस नाले यमुनेला मिळतात, आणि वझिराबाद ते ओखला हा बावीस किलोमीटरचा टप्पा नदीच्या लांबीच्या दोन टक्केही नसताना तिच्या प्रदूषणाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भार वाहतो.

तेव्हा पाऊस अडविण्याचा प्रश्न आणि पाण्याच्या गुणवत्तेचा प्रश्न हे दोन प्रश्न नाहीतच. नाला स्वच्छ झाल्याशिवाय त्यातले पाणी मुरविता येत नाही, मैला वळविल्याशिवाय नाला स्वच्छ होत नाही, आणि नाल्यातील गाळ व मैला निघाल्याशिवाय त्याची वहनक्षमताही परत येत नाही. एकच साखळी आहे. पण तिच्या कड्या चार मंत्रालयांत विखुरल्या आहेत. ‘अमृत’ गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाकडे. ‘कॅच द रेन’ मोहीम जलशक्ती मंत्रालयाकडे, आणि तिला स्वतःचा स्वतंत्र निधी नाही. इतर योजनांचे पैसे एकत्र करून ती चालते. शहरी पूर निवारणाचा निधी आपत्ती व्यवस्थापनाखाली, म्हणून गृह मंत्रालयाकडे. वित्त आयोगाची अनुदाने वित्त मंत्रालयाकडे. संसदेच्या स्थायी समित्याही याच रेषांवर बेतलेल्या असल्याने अनुदानाच्या मागण्यांची छाननी करताना एका समितीला तलाव दिसतो, दुसरीला नाला, तिसरीला पूर. २०१५ च्या चेन्नईच्या पुरानंतर गृह व्यवहारविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या अहवालात तलाव आणि नदीपात्रांवरील अतिक्रमणांवर बोट ठेवले होते. पण अतिक्रमण हा विषय त्या समितीच्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतच नव्हता.

पंधराव्या वित्त आयोगाने, म्हणजे २०२१ ते २०२६ या कालखंडासाठी, या कोंडीतून थोडी वाट काढली. दहा लाखांवरील शहरांसाठीच्या ३८,१९६ कोटींच्या निधीपैकी २६,०५७ कोटी पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संचय, पुनर्वापर आणि घनकचरा यांच्याशी बांधले. लहान शहरांच्या अनुदानातील ३० टक्के हिस्सा पाणी, पर्जन्यजल संचय व पुनर्वापर यांसाठी राखून ठेवला. राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीतून सर्वाधिक लोकसंख्येच्या सात शहरांसाठी २,५०० कोटी रुपये वेगळे काढले: मुंबई, चेन्नई व कोलकात्याला प्रत्येकी ५००; बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद व पुण्याला प्रत्येकी २५०. चेन्नईचा ५६१ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला तो डिसेंबर २०२३ मध्ये, मिचाँग चक्रीवादळाने ते शहर पाण्यात असताना. अन्य शहरांचे त्यानंतर. पाच वर्षांच्या निधीचा निम्म्याहून अधिक काळ त्यापूर्वीच सरला होता. शिवाय आयोगाने घातलेल्या अटींत लोकनियुक्त मंडळ अस्तित्वात असणे ही एक होती. मुंबई महापालिकेवर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासक होता, आणि महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या शहरांची अवस्था वेगळी नव्हती.

या यादीत दिल्ली नाही, हे येथील मराठी अधिकाऱ्यांना सांगावयास नको. वित्त आयोग ज्या अनुच्छेदाखाली काम करतो त्यात राज्ये येतात. विधानसभा असलेला केंद्रशासित प्रदेश येत नाही. त्यामुळे दिल्लीच्या महापालिकेला वित्त आयोगाचे स्थानिक संस्था अनुदान नाही, आणि सात शहरांच्या पूर निधीतही वाटा नाही. दुसरीकडे येथील पर्जन्यजलाचे मालक अनेक: सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, नवी दिल्ली नगर परिषद, विकास प्राधिकरण, जल बोर्ड, सिंचन व पूर नियंत्रण विभाग आणि छावणी मंडळ. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने यमुनेला मिळणारे बावीस उघडे नाले एकाच विभागाच्या हाती देण्याचा आदेश दिला. तोपर्यंत एका नाल्याची साफसफाई एकाने करावी आणि त्याचा गाळ दुसऱ्याच्या हद्दीत पडून राहावा, अशी स्थिती होती.

गाळाचा हिशेब ही तर या क्षेत्रातील सर्वांत सैल गाठ. बांधलेला पूल मोजता येतो. काढलेला गाळ पहिल्या पावसानंतर मोजता येत नाही. मिठी नदीतील गाळउपशात गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२५ मध्ये गुन्हा नोंदविला, त्यामागे हेच वास्तव आहे. आणि नाला नुसता तुंबतो असे नाही, तो नाहीसाही होतो. बंगळुरूच्या पर्जन्यजल व्यवस्थेवरील २०२१ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दाखविले की कोरमंगला खोऱ्यातील नाल्यांची लांबी शतकभरात ११३ किलोमीटरवरून सुमारे ६३ किलोमीटरवर आली.

आता केंद्राचा कल अनुदानाकडून बाजाराकडे वळला आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या एक लाख कोटींच्या नागरी आव्हान निधीत पाणी व स्वच्छता हा एक विषय आहे. पण निधी प्रकल्पखर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंतच देणार, आणि किमान निम्मा पैसा रोखे, बँक कर्ज वा खासगी भागीदारीतून उभा राहिला पाहिजे. येथे पर्जन्यजलाची पंचाईत होते. पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, कारण पाण्याला मीटर लागतो. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे हरित रोखे काढले, कारण शुद्ध केलेले सांडपाणी विकत घेणारे उद्योग साहिबाबादेत होते. पावसाच्या नाल्याचे गिऱ्हाईक कोण? ज्या प्रकल्पाला उत्पन्न नाही त्याला बँक उभी करीत नाही, आणि बँक उभी करीत नाही म्हणून केंद्राचे २५ टक्केही मिळत नाहीत. ज्या शहरांना पुराचा सर्वाधिक धोका आहे, त्यांच्याकडेच पत कमी असते, ही गोष्ट वेगळीच.

परदेशात या प्रश्नाला एक सरळ उत्तर शोधले गेले आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांपुढे एक कर ठेवला: भूखंडावर पाणी न मुरू देणारे जितके क्षेत्र, त्याच्या दर चौरस फुटाला वर्षाकाठी अडीच सेंट. दोनतृतीयांश मतांची अट होती. जवळजवळ ६९ टक्के मते मिळाली. त्यातून वर्षाला सुमारे २८ कोटी डॉलर येतात. निम्मे प्रादेशिक प्रकल्पांना, ४० टक्के थेट नगरपालिकांना आणि दहा टक्के पूर नियंत्रण जिल्ह्याला. पावसाचे पाणी अडविणाऱ्या मालकाला सवलत आहे, अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना सूट आहे. तथापि हा केवळ तेथील नागरिकांचा सुज्ञपणा मानू नये. त्यांच्या स्वच्छ जल कायद्याखाली शहराच्या पर्जन्यजलालाही परवाना लागतो, आणि गुणवत्ता राखली नाही तर शहरच न्यायालयात उभे राहते. कर हा त्या सक्तीतून निघाला. आपला १९७४ चा जल प्रदूषण कायदा सांडपाणी आणि औद्योगिक मळी यांच्याभोवती रचलेला आहे. पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरून वाहून येणारे तेल, माती आणि कचरा यांसाठी त्यात शहराला वेगळा परवाना घ्यावा लागत नाही.

असा कर येथे लावावा तर मालमत्तांच्या नोंदी पुऱ्या हव्यात. दिल्लीत मालकी हक्काच्या योजनेसाठी निवडलेल्या १,७३१ अनधिकृत वसाहतींचा प्रश्न समोर आहे. तेथे नालाच नाही, तर कराची पावती कशाच्या बदल्यात द्यायची? उलट ज्यांची फरसबंदी सर्वांत मोठी, ते व्यापारी संकुल, विमानतळ, रेल्वेची आवारे आणि सरकारी वसाहती. घटनेच्या २८५ व्या अनुच्छेदामुळे केंद्राच्या मालमत्तेवर महापालिकेला कर लावता येत नाही, केवळ सेवाशुल्क घेता येते. राजधानीत तर सर्वांत मोठा जमीनमालकच करमुक्त, असा त्याचा अर्थ होतो. सुरुवात मोठ्या व्यापारी भूखंडांपासून आणि सरकारी आवारांच्या सेवाशुल्कापासून करण्यास घटनादुरुस्ती लागत नाही. राज्याच्या महापालिका कायद्यातील बदल पुरे. आजवर एकाही मोठ्या पक्षाने तो मागितलेला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीचा नवा निचरा आराखडा प्रसिद्ध झाला. १९७६ नंतरचा हा पहिला. मधल्या काळात दिल्लीच्या आयआयटीने २०१८ मध्ये तयार केलेला आराखडा आकडेवारीतील त्रुटींच्या कारणाने सरकारने फेटाळला होता. नजफगढ, बारापुल्ला आणि यमुनापार अशी तीन खोरी, आणि पाच वर्षांत सुमारे ५७ हजार कोटी रुपयांचा खर्च. केंद्र, राज्य आणि महापालिका येथे एकाच पक्षाच्या हाती आल्याने २०२४ मधील परस्पर दोषारोपाची सोय आता कोणालाच उरलेली नाही. परंतु २०२५-२६ मध्ये दिल्ली सरकारचा संपूर्ण अर्थसंकल्पच एक लाख कोटींचा होता. त्यातून वर्षाला अकरा हजार कोटींहून अधिक रक्कम नाल्यांसाठी काढावयाची, तर शाळा, रुग्णालये, वीज सवलत आणि महिलांसाठीच्या अनुदानांपैकी काय कमी होणार, याचे उत्तर त्या आराखड्यात नाही. आणि १ एप्रिल २०२६ पासून पाच वर्षांसाठी सुरू होणाऱ्या सोळाव्या वित्त आयोगाच्या कालखंडातही दिल्ली हे राज्य नाही.